माळ्यावरच्या तबकड्या किती सालच्या?

या सदराला येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न पुन:पुन्हा भेटतो. जुनं घर पाडायचं ठरतं, माळा रिकामा करताना पत्र्याची पेटी निघते आणि पेटीत फडक्यात गुंडाळलेल्या काळ्या, जड तबकड्या असतात. मग पत्र येतं : या शंभर वर्षांपूर्वीच्या असतील का, आणि विकल्या तर किती येतील?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. गाजलेल्या सिनेमांच्या तबकड्या त्या काळी ढिगानं विकल्या गेल्या, त्यामुळे त्यांना फार भाव येत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र शोधण्याजोगं आहे. कंपन्या तबकडीवर साल छापत नसत. माल जुना झाला हे गिऱ्हाइकाला कशाला कळू द्यायचं, हा साधा व्यापारी विचार त्यामागे असावा. त्याचा परिणाम असा की आज प्रत्येक घरात अंदाजाचा कारभार चालतो. आजोबांनी पेटी विकत आणली ते साल, आजोबांचं जन्मसाल आणि तबकडीचं साल यांची खिचडी होते, आणि नातवंडं ती खिचडी खरी मानून पुढे सांगत राहतात.

आपल्या दीनी परंपरेत एखादी गोष्ट कानावर आली की ती कुणी सांगितली, त्याला कुणी सांगितली, तो माणूस कसा होता, हे विचारायची शिस्त आहे. हदीसच्या अभ्यासकांनी रावींची छाननी किती बारकाईनं केली हे आपण जाणतो. तबकडीची त्याच्याशी बरोबरी नाही, हे सांगायला नको. पण सवय तीच लागते. तबकडी आपल्याबद्दल दोन प्रकारे बोलते. एक, मधल्या गोल कागदावर छापलेलं, आणि दुसरं, काळ्या अंगावर उमटलेलं. कागद नंतर, छापाईच्या वेळी दाबून बसवलेला असतो, अंगावरचं मुद्रणाच्या वेळचं असतं. दोघांत मतभेद झाला तर आम्ही अंगावरच्या खुणेची साक्ष मानतो.

पहिल्यांदा अंग कशाचं आहे ते पाहू. ही तबकडी लाखेची. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर बारीक किडे लाख करतात. मणियाराकडची लाखेची बांगडी जिच्यापासून होते तीच ही लाख. छोटा नागपूरच्या जंगलांतून ती गोळा व्हायची, शुद्ध होऊन जगभर जायची. तबकडीत लाख साधारण पाव ते तिसरा हिस्सा, बाकी दगडाची पूड, काजळी आणि थोडं कापसाचं तंतू. त्यामुळे ती जड असते, हातातून सुटली की फुटते आणि उन्हात ठेवली की वाकडी होते. दुसऱ्या महायुद्धात हा माल मिळणं कठीण झालं तेव्हा अमेरिकेच्या सरकारनं १९४२ साली तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर मोठी कपात लादली होती. आपल्या जंगलातला किडा न्यूयॉर्कच्या गाण्यांना लगाम घालत होता म्हणायचं! तुमच्या हातातली तबकडी हलकी असेल, वाकवली तर किंचित वाकत असेल, तर ती लाखेची नाही, प्लॅस्टिकची आहे आणि बरीच अलीकडची आहे.

आता कागदाकडे येऊ. हिंदुस्तानात तबकडी तयार करण्यासाठी पहिलं मोठं मुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झालं. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग यंत्रं घेऊन आला आणि गौहर जान व इतर कलावंतांचे आवाज मेणाच्या तबकडीवर घेऊन गेला. छापाई इथं होत नव्हती. मेणावरचे साचे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तयार माल बोटीनं परत येई. म्हणून त्या काळच्या कागदावर हॅनोव्हरचं नाव इंग्रजीत दिसतं. हॅनोव्हरच्या कारागिराला हिंदुस्तानी कळणार कशी? कोणता साचा कोणाचा हे त्याला समजावं म्हणून गाणं संपताच कलावंत आपलं नाव मोठ्यानं सांगत असे. गौहर जान ते इंग्रजीत सांगायच्या. आज लोक त्याला त्यांचा नखरा समजतात. मुळात ते साच्यावरचं लेबल होतं.

सुरुवातीच्या तबकड्या एकाच बाजूनं वाजत. दुसरी बाजू गुळगुळीत, किंवा तिच्यावर लेखणी घेऊन तबकडीवर लिहिणाऱ्या फरिश्त्याची उठावाची आकृती. ही आकृती कंपनीचा जुना छाप. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, मग माल इथंच छापला जाऊ लागला. दोन्ही बाजूंनी वाजणाऱ्या तबकड्याही त्याच सुमाराला आल्या. भोंग्यासमोर बसलेला कुत्रा, जो आपल्या सगळ्यांना माहीत आहे, आपल्याकडच्या कागदांवर पहिल्या महायुद्धाच्या काळात, साधारण १९१६पासून दिसतो. तेव्हा एका बाजूची, हॅनोव्हरचं नाव असलेली तबकडी हाती लागली तर ती निश्चितच शंभरी ओलांडलेली आहे, आणि कुत्रा असलेल्या तबकडीला नुसत्या कुत्र्यावरून शंभर वर्षं देता येत नाहीत. आमच्याकडे आलेल्या फोटोंपैकी बहुतेकांवर कुत्रा असतो.

आवाजानंही काळ कळतो. १९२५च्या आधी तबकड्यांच्या मुद्रणात सहसा मायक्रोफोन नसे. गाणारा माणूस मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असे, सारंगी आणि तबला मागे पडत, आवाज टिनाच्या डब्यातून आल्यासारखा येई. विजेवरचं मुद्रण आपल्याकडे १९२०च्या दशकाच्या अखेरीस आलं. त्यानंतरच्या तबकडीत साथ वेगळी ऐकू येते, गळ्यातली हळुवार जागा ऐकू येते. कानाला ही पारख करता येते, पण त्यासाठी तबकडी वाजवावी लागते, आणि आम्ही ती वाजवू नका म्हणतो. का, ते पुढं येईल.

अंगावरची खूण म्हणजे कागद आणि शेवटची रेघ यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवरचे आकडे. संग्राहक त्याला मॅट्रिक्स नंबर म्हणतात. मुद्रणाच्या वेळी मेणात तो कोरलेला असे, साच्यातून तो प्रत्येक प्रतीवर उतरत असे. मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, तबकडी थोडी कलती करा, आकडे उठून दिसतात. ग्रामोफोन कंपनीच्या जुन्या मालावर आकड्यांना जोडून एखादं अक्षर असतं. ते अक्षर कोणत्या तंत्रज्ञानं मुद्रण केलं हे सांगतं, आणि तंत्रज्ञ कोणत्या साली हिंदुस्तानात आला होता याच्या नोंदी कंपनीच्या कागदपत्रांत सापडतात. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकानं त्या नोंदी पिंजून काढून १८९९ ते १९१०पर्यंतच्या हिंदुस्तानी तबकड्यांच्या याद्यांची दोन जाड पुस्तकं तयार केली. त्यात आपला नंबर सापडला की आजोबांच्या आठवणीवर विसंबावं लागत नाही.

कागदावर असतो तो दुसरा नंबर, यादीतला, विकायचा. दोन्ही नंबर वेगवेगळे असतात आणि पत्रलेखक हटकून त्यांची गल्लत करतात. यादीतल्या नंबरापुढच्या अक्षरांवरून घराणं कळतं : कुत्र्याच्या छापावर आधी 'पी' आणि मग 'एन', ट्विनच्या स्वस्त तबकड्यांवर 'एफटी', कोलंबियावर 'जीई'.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण सगळा घोळ इथंच होतो. एका तबकडीला साल एक नसतं, तीन असतात. आवाज घेतला ते साल, तबकडी पहिल्यांदा बाजारात आली ते साल आणि आपल्या हातातली प्रत छापली गेली ते साल. मिरजेच्या खाँसाहेबांचं उदाहरण घेऊ. अब्दुल करीम खाँ मूळ किराण्याचे, पण मिरजेचे झाले, आणि १९३७ साली इंतकाल झाल्यावर तिथल्याच मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. तरुणपणी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, त्यांनी कर्ण्यासमोर गायलेल्या तबकड्या आहेत. आपण घराघरांत ऐकले ते मात्र १९३०च्या दशकात ओडियन कंपनीनं विजेवर मुद्रित केलेले खाँसाहेब. ओडियनचा इथला कारभार आटोपल्यावर तीच मुद्रणं कोलंबियाच्या कागदाखाली पुन्हा निघाली आणि पुढं कितीतरी वर्षं विकली गेली. म्हणजे सांगली-मिरजेच्या एखाद्या घरात कोलंबियाची तबकडी असेल, तर आवाज खाँसाहेबांच्या हयातीतला, आणि तबकडी त्यांच्या इंतकालानंतरची. 'खाँसाहेबांनी ही आमच्या दादांना स्वत: दिली' अशी हकीकत घरात चालत आली असेल, तर ओडियनच्या प्रतीबाबत ती शक्य आहे, कोलंबियाच्या प्रतीबाबत शक्य नाही. एवढ्या एका कागदाच्या तुकड्यावर घरातली एक हकीकत उभी राहते किंवा बसते. हे कळल्यावर कुणाला वाईट वाटेल हे आम्हाला ठाऊक आहे, तरी कळलेलं बरं.

नावावर जाऊ नये, हा दुसरा धडा. 'जोहराबाई' एवढंच वाचून लोक निर्णय देतात. जोहराबाई दोन. आगऱ्याच्या जोहराबाई ख्याल-ठुमरीच्या मोठ्या गायिका, १९१३च्या सुमाराला वारल्या. त्यांची मुद्रणं कर्ण्याच्या काळातली. अंबाल्याच्या जोहराबाई १९१८च्या जन्मल्या आणि 'रतन' (१९४४), 'जीनत' (१९४५) या सिनेमांत गायल्या. आगरेवाली गेल्या तेव्हा अंबालेवाली जन्मल्याही नव्हत्या. तरीही विक्रेते एकीच्या तबकडीवर दुसरीची किंमत सांगतात. कंपन्यांनी गावाचं नाव जोडलं ते अशाच घोटाळ्यासाठी असावं : आगरा, अलाहाबाद, आणि आपल्याकडे सोलापूरच्या मेहबूबजान. या बायकांबद्दल त्यांच्या हयातीत कुणी चरित्र लिहिलं नाही, घरच्यांनी नाव घेणं टाळलं. कित्येकींचं या दुनियेत असल्याचं लेखी प्रमाण म्हणजे हा हातभर परिघाचा कागद आणि त्यावरचं गावाचं नाव. भंगारात गेलं की तेही जातं.

याहून अवघड म्हणजे बदललेली नावं. बंगालमध्ये मुन्शी मोहम्मद कासिम नावाचे गायक के. मल्लिक या नावानं कालीमातेची गाणी गात आणि घरोघरी ऐकले जात. उलट बाजूनं, इस्लामी गाणी चालू लागल्यावर काही हिंदू गायक-गायिकांच्या तबकड्या मुसलमानी नावांनी निघाल्या. तलत महमूद कलकत्त्यात बंगाली गाणी गात तेव्हा तपनकुमार होते. कंपनीला गिऱ्हाईक हवं होतं, आणि गिऱ्हाइकाला गळा हवा असला तरी नाव आपल्यातलं हवं होतं. त्याचं भलंबुरं आम्ही इथं ठरवत बसत नाही. पण कागदावरच्या नावावरून 'हा आपला गायक' किंवा 'हा परका' असं धरून पेटीतल्या तबकड्या वेगळ्या करणाऱ्यांनी जरा थांबावं.

साल पक्कं करण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे बाहेरची एखादी ठरलेली घटना. याचं एक सुंदर उदाहरण आपल्या सणाचंच आहे. काझी नजरुल इस्लाम यांनी १९३१ साली रमजान संपून येणाऱ्या ईदवर बंगालीत गाणं लिहिलं, अब्बासउद्दीन अहमद यांनी ते गायलं. इस्लामी गाणी विकली जाणार नाहीत म्हणून कंपनीचा माणूस आधी तयार नव्हता. अब्बासउद्दीन यांनी पाठ सोडली नाही. तबकडी ईदला बाजारात आणायची ठरली, आणि हिजरी १३५०ची ईदुल फित्र फेब्रुवारी १९३२ मध्ये आली. तिचा यादीतला नंबर एन ४१११. आता हे गाणं बांगलादेशात आणि पश्चिम बंगालात ईदच्या आदल्या संध्याकाळी वाजल्याशिवाय राहत नाही. आपल्यासाठी त्यात उपयोगाचं एवढं की 'एन' अक्षराच्या तबकड्यांना त्यातून एक ठरलेला खुंटा मिळतो. मात्र नंबर सरळ ओळीनं वाढत गेले असं धरू नका. भाषेनुसार नंबरांचे गठ्ठे वेगळे राखलेले दिसतात. बंगालीचा खुंटा बंगालीलाच, उर्दू-हिंदुस्तानीला दुसरा शोधावा लागतो.

सिनेमाच्या तबकड्यांना हा त्रास नाही. सिनेमाचं नाव कागदावर असतं, सिनेमाचं साल कुठंही मिळतं. इस्माईल आझाद यांची 'अल हिलाल'मधली गाजलेली कव्वाली कितीतरी मुस्लिम घरांत सापडते. सिनेमा १९५८चा, म्हणजे तबकडी त्याआधीची असूच शकत नाही. नंतरची किती, हे पुन्हा कागदाच्या रंगावर आणि छापावर. आणि 'अठ्ठ्याहत्तरच्या वेगाची, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वीची' हा समज तर पुसूनच टाकावा. विलायतेत लाखेच्या तबकड्या १९६०च्या सुमाराला बंद झाल्या, पण आपल्याकडे त्या पुढंही निघत राहिल्या. इंग्लंडच्या बीटल्सची गाणी १९६० नंतरच्या वर्षांत लाखेवर छापली गेली ती हिंदुस्तानात, कारण इथं चावीचे ग्रामोफोन अजून चालू होते आणि गावात वीज नव्हती. फाळणीनंतर काही घरांत कराचीहून पाहुण्यांबरोबर आलेल्या तबकड्याही सापडतात. कागदावर 'मेड इन पाकिस्तान' असेल तर १९४७च्या अलीकडचं साल, हे सांगायला संशोधक लागत नाही.

खाकी कागदाची पिशवी फेकू नका, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण ती आधी फेकतो. पिशवीवर दुकानदाराचं नाव, पत्ता, कधी टेलिफोन नंबर असतो. टेलिफोनचे आकडे कमी तितकं साल जुनं. अर्थात पिशव्या अदलाबदल होतात, म्हणून ही साक्ष कमकुवत धरावी. घरातल्या बुजुर्ग बायकांची साक्ष मात्र फार मोलाची असते, फक्त प्रश्न नीट विचारायला हवा. 'किती साली आणली' विचारलं तर नानी म्हणतात, आम्हाला काय ठाऊक बाबा. 'तुमच्या निकाहाच्या आधी की नंतर? मोठा मुलगा तेव्हा चालत होता का? त्या साली रमजान उन्हाळ्यात होता की थंडीत?' असं विचारलं की उत्तर येतं. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकतो, त्यामुळे ऋतू आठवला तर दहा-बारा वर्षांच्या पट्ट्यात साल बसतं. तेहतीस वर्षांनी चक्र पुन्हा तिथंच येतं, हे ध्यानात ठेवून मग निकाहनाम्याशी ताळा करावा.

काही वाचक संकोचानं लिहितात की घरात गाण्याच्या तबकड्या निघाल्या, वडील परहेजगार होते, हे कसं? ऐकावं की नाही हे ज्यानं त्यानं आपल्या आलिमांना विचारून ठरवावं. तहकीक करायला ऐकावं लागत नाही. सगळं डोळ्यांनी वाचता येतं. आणि पेटीत नेहमी गाणंच असतं असंही नाही. नात असते, हम्द असते, मर्सिया असतो, कधी तिलावतही असते. हे यंत्र आलं तेव्हापासून उलेमांपुढे सवाल आले होते. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, सय्यद उस्मान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच फोनोग्राफवर फतवा लिहिला. आपल्याकडे विचारलं जाई की तबकडीतून सजद्याची आयत ऐकली तर सजदा वाजिब होतो का. अनेक उलेमांनी उत्तर दिलं की हा कारीचा आवाज नव्हे, त्याची प्रतिध्वनी आहे, म्हणून वाजिब नाही. अदब मात्र राखायचीच. तेव्हा तिलावतीची तबकडी तुटली असेल तर तिच्यासाठी भंगारवाल्याला बोलावू नये, आपल्या मशिदीत विचारावं.

साफ करण्याबद्दल दोन गोष्टी. सॅनिटायझर, स्पिरिट किंवा सेंट लावलेलं फडकं तबकडीला लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. दोन मिनिटांच्या उत्साहात गाण्याच्या रेघा कायमच्या जातात. कोमट नव्हे, साधं थंड शुद्ध पाणी, साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, रेघांच्या दिशेनं पुसणं, आणि मधला कागद कोरडा ठेवणं. माळ्यावर सापडलेल्या जुन्या ग्रामोफोनवर लावून पाहण्याचा मोह आवरा. त्याची पोलादी सुई एका बाजूपुरतीच असते, पुन्हा वापरली तर ती रेघा खरवडून काढते, आणि डब्यातल्या सुया नव्या की वापरलेल्या हे आता कुणालाच सांगता येत नाही. रचून ठेवताना आडव्या थप्प्या लावू नका, वह्यांसारख्या उभ्या ठेवा.

नोंद करताना दोन्ही बाजूंच्या कागदाचा फोटो, मधल्या पट्टीवरच्या आकड्यांचा आडव्या उजेडातला फोटो, पिशवीचा फोटो, आणि घरात ती कुठून आली याची हकीकत सांगणाऱ्याच्या नावासह वेगळ्या कागदावर. पेन तबकडीवर चालवायचं नाही, मधल्या कागदावर तर नाहीच. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था आहे. तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या पत्रिकेच्या जुन्या अंकांत गायकांच्या आणि कंपन्यांच्या याद्या आहेत, त्या चाळाव्यात. चोर बाजारातला विक्रेता सांगेल ते साल लिहून घ्यायला हरकत नाही, त्यापुढे फक्त 'विक्रेत्यानं सांगितलं' असंही लिहावं.